‘वीस एक’चा वाद आणि हरवत चाललेला तोंडी हिशोब

२०१९च्या जूनमध्ये ‘वीस एक’वरनं केवढा गदारोळ झाला ते बहुतेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बासष्टच्या जोडीला ‘साठ दोन’ अशी वाचायची पद्धत दिली आणि मग टीव्हीवर, पेपरात, व्हॉट्सॲपवर दुसरा विषयच नाही. विधानसभेत सुद्धा तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरनं कोट्या झाल्या. ही पद्धत आणणाऱ्या गणित समितीच्या प्रमुख मंगलाताई नारळीकर २०२३ मध्ये गेल्या, पण वाद काही संपला नाही. कुणीतरी एखादा व्हिडिओ टाकतं, त्यात कॉलेजच्या पोराला ‘एकोणऐंशी म्हणजे किती’ विचारलेलं असतं, पोरगं गप्प उभं, आणि खाली परत तीच भांडणं सुरू, एक गट म्हणतो ही नावंच कालबाह्य आहेत टाकून द्या, दुसरा म्हणतो हा मराठी मारायचा डाव आहे. मला वाटतं दोघंही चुकीच्या जागी भांडतायत. संख्यांची नावं बदलली म्हणून पोरांचं गणित सुधारणार नाही, आणि जुनी नावं पुस्तकात आहे तशी छापत राहिलो म्हणून ती जगणार पण नाहीत. दोन्हीचा निकाल एकाच गोष्टीवर लागतो, आपण रोजचा हिशोब तोंडानं आणि मराठीत करतो का नाही.

पण आधी समितीची बाजू नीट मांडली पाहिजे कारण त्या गडबडीत ती कुणी धड ऐकूनच घेतली नाही. पुस्तकात एकवीस काढून टाकलेलं नव्हतं, दोन्ही दिलं होतं. आणि मुद्दा खरा होता. कानावर ‘एकवीस’ पडतं, त्यात एक आधी येतो, पोरगं आधी १ काढतं, मग २, झाले १२. ज्यानं दुसरीचा वर्ग एक महिना जरी घेतलाय त्याला हे सांगायला लागत नाही. शिवाय आपल्या संख्यांमधला नुसता ‘दोन’ बघा, बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. कुठं बा, कुठं ब, कुठं बे, कुठं ब्या. एकोणीस, एकोणतीस करत करत एकोणनव्वदपर्यंत ‘पुढच्या दशकाला एक कमी’ असा नियम धरून आलेलं पोर नव्याण्णवला येऊन धडकतं, तिथं एकोणशंभर नाही. म्हणजे एक ते शंभर यातली जवळपास सगळी नावं पाठच करायची, नियमानं स्वतः तयार करता येत नाहीत. चाळीशीतल्या माणसाला हे जड वाटत नाही कारण तो कधीच शिकून मोकळा झालाय.

आणि सरळ नावं कशी असतात ते बघायला आपल्या कोल्हापूरकरांना लांब जायला नको. तासाभराच्या वाटेवर निपाणी आहे, गडहिंग्लज-शिरोळकडं तर कितीतरी घरांत कन्नडच बोलतात. कन्नडमध्ये एकवीसला इप्पत्तोंदु, इप्पत्तु म्हणजे वीस आणि ओंदु म्हणजे एक. बासष्टला अरवत्तेरडु, साठ आणि दोन. लिहिताना जो क्रम तोच बोलताना. घरी हे ऐकणारं पोर मराठी शाळेत येतं तेव्हा त्याला दोन गोष्टी उलट्या कराव्या लागतात, भाषा पण आणि क्रम पण. चिनीमध्ये तर याहून सोपं, बेचाळीस म्हणजे ‘चार-दहा-दोन’, बास. १९८०च्या दशकात आयरीन मिउरा या संशोधक बाईंनी चीन, जपान, कोरिया आणि अमेरिकेतल्या पहिलीच्या पोरांपुढं दहाच्या कांड्या आणि सुटे ठोकळे ठेवून बेचाळीस दाखवा म्हटलं, तर आशियातली पोरं बहुतेक चार कांड्या आणि दोन सुटे ठेवायची आणि अमेरिकन पोरं बहुतेक एक एक करत बेचाळीस सुटे मोजत बसायची. म्हणजे नावाच्या बांधणीचा सुरुवातीला फरक पडतो हे मान्य. जे लोक ‘आमच्या पिढ्यान् पिढ्या शिकल्या की’ म्हणतात त्यांनी एक विचार करावा, पिढ्यान् पिढ्या कोण शिकलं? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं तोवर बहुजनांच्या घरातली किती पोरं शाळेच्या पायरीला लागली होती? आणि नंतर सुद्धा ज्यांना बहात्तर आणि ब्याऐंशीतला घोळ सुटला नाही ती पोरं कुठं गेली? ती शाळा सोडून गेली, शेरडं राखायला, वीटभट्टीवर. ती आज या वादात बोलायला नाहीत म्हणून सगळ्यांना जमत होतं असं धरून चालायचं? हा जुन्या नावांच्या बाजूचा सगळ्यात मोठा आंधळेपणा आहे.

‘हे परकं आहे, भाषेच्या प्रकृतीला धरून नाही’ हा आरोप पण टिकत नाही. सिंहली ही आपल्याच कुळातली भाषा, तिच्यात एकवीसला ‘विसि एक’च म्हणतात. इंग्रजीत पूर्वी ‘फोर अँड ट्वेंटी’ असं एकक आधी बोलायची सर्रास रीत होती, ती हळूहळू उलटली, सिक्स्टीन-सेव्हंटीनमध्ये तेवढा जुना क्रम अडकून राहिला. आणि आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या बायका विसाच्या हिशोबानं मोजायच्या की. उन्हाळ्यात परड्यात शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचायच्या, विसांचा एक थर झाला की एक खडा बाजूला, आणि शेवटी ‘तीन इसा न् दोन’. शाळेचं तोंड न बघितलेली बाई बासष्ट हा शब्द न वापरता बासष्ट अगदी बरोबर मोजायची, मोठा भाग आधी, सुटे नंतर. मग ‘साठ दोन’ला परकं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

इथवर वाचून वाटेल की मी नावं बदलायच्या बाजूचा आहे. नाही. अडचण खरी आहे म्हणून सुचवलेला उपाय बरोबर ठरत नाही. अवघड नावांनी गणित अडतं असं असतं तर शाहूपुरीच्या गूळ बाजारात आणि लक्ष्मीपुरीत उलटं चित्र दिसायला पाहिजे होतं. तिथं पिढ्यान् पिढ्या कोण हिशोब करतंय? मराठी, गुजराती, मारवाडी. सगळ्यांची संख्यानावं आपल्यासारखीच वाकडी, प्रत्येक पाठ करायची. आणि तोंडी हिशोबात तरबेज म्हणून नाव घेतलं जातं ते याच लोकांचं. पोती मोजताना पहिल्याला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तिथनं सुरू झालेली मोजणी चुकत नाही, आणि भाव निघाला की पेन काढायच्या आधी आकडा तयार. जुन्या दिवाणजीला अठ्ठावीस किलो, पंचेचाळीसचा भाव असं सांगा, तो म्हणणार अठ्ठावीस दिडे बेचाळीस, म्हणजे अठ्ठावीसची दीडपट बेचाळीस, म्हणून पंधराच्या भावानं चारशे वीस, त्याची तिप्पट बाराशे साठ. यात दशक-एकक कुठल्या क्रमानं बोलले याचा काय संबंध आला? त्याला ‘बेचाळीस’ फोडून चाळीस आणि दोन करायची गरजच पडत नाही, ते त्याच्या डोक्यात एक अख्खं नाणं असल्यासारखं पडलेलं असतं.

डेन्मार्कचं उदाहरण मला यात फार बोलकं वाटतं. डॅनिशमध्ये पन्नासच्या नावाची फोड केली तर निघतं ‘अर्धा तिसरा, गुणिले वीस’. अर्धा तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा, म्हणजे अडीच. अडीच विसा पन्नास. ऐकायला विचित्र वाटेल पण आपला अडीच सुद्धा नेमका असाच बनलाय, संस्कृतात अर्धतृतीय, त्याचा घासून घासून अडीच. आणि साडेतीनला आपल्याकडं जुना शब्द आहे औट, तो अर्धचतुर्थ, अर्धा चौथा. डॅनिश सत्तर म्हणजे अर्धा चौथा गुणिले वीस, आपल्या भाषेत औट विसा. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकच युक्ती केली. आता कोपनहेगनचं पोरगं पन्नास म्हणताना मनात अडीच गुणिले वीस करतं का? आपण अडीच म्हणताना अर्धा तिसरा असा विचार करतो का? करत नाही. काही काळानं नाव हे फक्त नाव उरतं, आतली रचना झिजून जाते, आणि एकदा तसं झालं की ते सरळ होतं का वाकडं याला फारसा अर्थ राहत नाही. फ्रेंचमध्ये नव्याण्णवला ‘चार-वीस-दहा-नऊ’ म्हणतात. तिथले गणितज्ञ जगात पुढं आहेत एवढं सांगून हा वाद मिटवता येणार नाही, थोर गणितज्ञ आणि दुसरीतलं पोर या वेगळ्या गोष्टी आहेत, पण तिथली साधी पोरं पण अख्खा हिशोब शिकतातच ना?

मग अडचण आहे ती पहिल्या एक-दोन वर्षांची. त्या काळात ‘वीस एक’ म्हणून समजावायला माझी काही हरकत नाही, चांगले शिक्षक कुणी न सांगता पूर्वीपासनं काड्यांच्या जुड्या बांधून हेच करत आलेत, दोन जुड्या आणि वर एक, वीस आणि एक, एकवीस. पण तेच कायमचं नाव करायला गेलं की भाषा अडते. ‘वीस एक पोती आली’ याचा मराठीत अर्थ काय होतो? सुमारे वीस. पन्नासएक माणसं, शंभरएक रुपये, हा आपला रोजचा अंदाजाचा प्रयोग आहे, तिथंच नेमकी संख्या बसवायची म्हटल्यावर घोटाळा होणारच. आणि पाढ्यांचं काय? ‘एकतीस दुणे बासष्ट’ हे म्हणून बघा आणि मग ‘तीस एक दुणे साठ दोन’ म्हणून बघा. एक दुणे का तीस एक दुणे, कुठं तोडायचं हेच कानाला कळत नाही. पाढा पाठ होतो तो ठेक्यावर, आणि ठेका बसतो कारण बासष्ट, छप्पन्न, चौसष्ट हे आखूड, एका झटक्यात तोंडातनं बाहेर पडणारे शब्द आहेत. ज्या घासणीनं ‘द्वि’चा बा आणि बे झाला त्याच घासणीनं ते पाढ्यात बसण्याइतके गोळीबंद झाले. शिकायला जड आणि वापरायला हलकं, असा हा व्यवहार आहे, आणि समितीच्या बाजूच्या लोकांनी त्यातली पहिलीच अर्धी बाजू धरली.

सरकारी निर्णयानं नावं बदलतात का याचं उत्तर पण जगात आहे. नॉर्वेत पूर्वी ‘एक आणि वीस’ बोलायचे. टेलिफोनवर नंबर सांगताना गोंधळ होतो म्हणून १९५१ मध्ये सरकारनं ठरवून क्रम उलटा केला, वीस-एक. शाळा, रेडिओ, सरकारी कामकाज सगळं मागं लावलं. आज सत्तर वर्षांवर झाली तरी जुना क्रम बोलणारे लोक तिथं आहेत, एकच माणूस फोन नंबर नव्या पद्धतीनं आणि वय जुन्या पद्धतीनं सांगतो. भाषा बुडाली नाही, एकदम गणिती चमत्कार पण झाला नाही. जर्मनीत अजून ‘दोन आणि साठ’च चालतं, तिथं बोखुम विद्यापीठातल्या लोथर गेरित्सेन या गणिताच्या प्राध्यापकांच्या पुढाकारानं २००४ मध्ये ‘वीस-एक’साठी संस्थाच काढली, मुद्दे अगदी मंगलाताईंसारखेच, आणि लोक अजून तसंच बोलतात. त्या प्राध्यापकांना कुणी जर्मनद्वेष्टे ठरवलं असेल तर मला माहीत नाही, पण आपण मात्र आयुष्यभर मराठीतनं गणित समजावणाऱ्या बाईंना मराठीच्या शत्रू ठरवून मोकळे झालो. हे वाईट झालं. जयंतराव नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा म्हणून आपण अभिमानानं सांगतो, त्याच घरातल्या गणितज्ञ बाईंचं म्हणणं निदान आपल्या गावानं तरी पुरतं ऐकून घ्यायला पाहिजे होतं.

पापुआ न्यू गिनीमध्ये ओक्सापमिन नावाचे लोक आहेत. त्यांची मोजणी अंगावर चालते, एका हाताच्या अंगठ्यापासनं सुरू करून बोटं, मनगट, कोपर, खांदा, कान, डोळा, नाक चौदावं, आणि दुसऱ्या बाजूनं उतरत करंगळीला सत्तावीस. दशक-एकक काही नाही. या पद्धतीनं बेरीज-वजाबाकी कशी होणार असं कुणालाही वाटेल. पण त्यांच्यात पैसा आला, दुकानं आली, वीस शिलिंगांचा पौंड आला, तेव्हा त्याच अंगमोजणीला वळण देऊन त्यांनी विसाला थांबायची सोय केली, बेरजेच्या नव्या युक्त्या काढल्या. नावं तीच राहिली आणि वापर वाढला तसं गणित वाढलं. जेफ्री सॅक्स यांनी वर्षानुवर्षं तिथं जाऊन हा बदल नोंदवलाय. मला वाटतं या सगळ्या वादातला हा सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि तो दोन्ही गटांच्या विरोधात जातो.

कारण उलटी गोष्ट आपल्याकडं झाली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणून पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट यांचे पाढे लागायचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. चोपडीत सव्वाला १ पुढं एक उभी रेघ, दीडला दोन, पावणेदोनला तीन. दशमान आलं ते चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याबरोबर पोरांच्या तोंडातनं अपूर्णांक गेले. आज सातवीतलं पोर पाव अधिक अर्धा करायला छेद समान करत बसतं, त्याचा पणजोबा पाऊण म्हणून मोकळा व्हायचा. आणि बघा काय टिकलं. पावणेदोन, सव्वातीन टिकलं कारण घड्याळ रोज बघतो. दीडशे, अडीच हजार टिकलं. शेर जाऊन जमाना झाला तरी दुकानात पावशेर मागतो. साडेसतरा गुंठे टिकलं कारण वाटणी अजून होते. आणि औट कुठं राहिला? ‘औट घटकेचं राज्य’ या एका म्हणण्यात, आणि ते म्हणणाऱ्यांतल्या किती जणांना माहिती आहे की औट म्हणजे साडेतीन? अंबाबाईमुळं साडेतीन शक्तिपीठं आपल्या रोजच्या बोलण्यातली, पण साडेतीनचा पाढा आपल्या तोंडात नाही. औटला कुठल्या समितीनं मारलं नाही, वापर बंद झाला आणि तो गेला.

आता एकोणऐंशीची तीच गत चाललीय आणि ती ‘वीस एक’मुळं नाही. २०१९ मध्ये संस्कृती वाचवायला उठलेल्यांतल्या कितीतरी जणांची पोरं तेव्हाच इंग्लिश नाहीतर सेमी इंग्लिशला होती. सेमीमध्ये मराठी, इतिहास मराठीत आणि गणित इंग्रजीत. म्हणजे पोरगं मराठी बोलतं पण संख्या सेव्हंटी नाईन. फोन नंबर इंग्रजीत सांगायचा, रिक्षाचं भाडं इंग्रजीत, क्रिकेटचा स्कोअर तर इंग्रजीतच. वर आता क्यूआर कोड आला, सुट्टे परत घ्यायचेच नसतात, त्यामुळं दुकानात पाठवलेल्या पोराला पूर्वी जी फुकटात वजाबाकी यायची ती पण बंद. मग त्या पोराला एकोणऐंशी कुठनं येणार? घरात कुणी शेवटचं कधी म्हटलं होतं त्याच्यापुढं? आणि इंग्रजीतनं तरी गणित सुधारलं का? फोर्टी टू सरळ आहे, लिहायच्या क्रमानं आहे, तरी आठवीतल्या पोराला बाराचा पंधरा टक्के विचारलं की हात मोबाईलकडं जातो. सरळ नावांवर सगळं अवलंबून असतं तर हे व्हायला नको होतं.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ राहू दे, समजावण्यापुरतं, पहिल्या सहामाहीत. दुसऱ्या सहामाहीपासनं एकवीसच म्हणायचं. तिसरीपासनं पावकी, निमकी, दिडकी निदान वीसपर्यंत परत आणा, लेखी नाही, तोंडी, आणि तोंडी परीक्षेला खरे मार्क ठेवा, कारण ज्याला मार्क नाहीत ते शिकवायला शिक्षकाकडं वेळ नसतो, त्यांचा निम्मा वेळ माहिती भरण्यात जातो हे मला दिसतं. सेमीच्या शाळांनी गणित इंग्रजीत जरूर शिकवावं, पण पाढे मराठीत म्हणून घ्यावेत, दोन्ही जमतं, कन्नड घरातलं पोर इप्पत्तोंदु आणि एकवीस दोन्ही सांभाळतंच की. आणि पालकांनी दूध डेअरीचं बिल आलं की फॅट, लिटर आणि दर पोराच्या हातात द्यावा आणि मोबाईल बाजूला ठेवून रक्कम मराठीत सांगायला लावावी, उसाच्या बिलाचं, बाजाराच्या यादीचं तसंच. बाजारात पावकी-निमकी म्हणणारे जुने दिवाणजी अजून आहेत, महिन्यातनं एक तास त्यांना शाळेत बोलवायला काही जीआर लागत नाही, मुख्याध्यापकांनी एक फोन केला तरी पुरे.